राखणदाराचा वाटा

देवळाच्या भिंतीकडे तोंड करून मी उभी होते आणि माझ्या पाठीमागे अख्खा गाव बसला होता. सरपंचाने गावाकडे पाठ फिरवली असं लोक नुसतं म्हणतात. मी ती रीतसर, सगळ्यांच्या संमतीने, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत फिरवली होती.

"ह्यो कोणाचो?" मागून गुणाजी घाडींचा घोगरा आवाज आला.

"मळेवाडीचा," मी भिंतीला सांगितलं.

मळेवाडीच्या बाजूने समाधानाचा एक हुंकार निघाला.

"ह्यो कोणाचो?"

"टेंबवाडीचा."

वाटे घालायची ही आमच्याकडची जुनी रीत. दर वैशाखात, पावसाच्या आधी, गावाच्या राखणदाराला बकरा देतात, त्याला राखण म्हणतात. गाव राखतो तो राखणदार. त्या मटणाचे वाटे सागाच्या पानांवर घालतात. एकजण वाटे घालतो, दुसरा पाठमोरा उभा राहून नावं घेतो. घालणाऱ्याला ठाऊक नसतं कुठलं पान कोणाला जाणार, नाव घेणाऱ्याला दिसत नाही पानावर काय आहे. त्यामुळे घालणारा सगळीकडे सारखं घालतो आणि भांडायला कोणाला तोंड राहत नाही. गुणाजी घाडी हे काम चाळीसएक वर्षं करत होते. वाटे झाले की सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणंही तेच घालायचे.

त्या दिवशी पानांवर मटण नव्हतं, खडे होते. व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, वीस पांढरे खडे, एक खडा म्हणजे पन्नास हजार रुपये. सरकारकडून पंचायतीला आलेला वर्षाचा निधी असा पानांवर यायचं कारण साधं होतं. सकाळपासून दुसरं काहीच जमलं नव्हतं.

आमचे ग्रामसेवक पाटोळे भाऊसाहेब कोल्हापूरकडचे, सज्जन आणि घाबरट. त्यांनी लोकसंख्येच्या प्रमाणात पैसे वाटायचा तक्ता आणला होता. गावठणवाडी सगळ्यात मोठी, म्हणून उपसरपंच बाबल नाईकांना तो तक्ता फार शास्त्रीय वाटला. बाकीच्या चार वाड्यांना तो अजिबात वाटला नाही. गेली काही वर्षं निधी असाच वाटला गेला होता आणि त्याची फळं गावभर दिसत होती. टेंबवाडीला आला होता विजेचा एक खांब, बिनतारेचा. मळेवाडीची पाखाडी उतारावर अर्ध्यात थांबली होती, माणूस पायऱ्या उतरता उतरता एकदम चिखलात. मग कोणी म्हणालं गरज बघून द्या, तर प्रत्येक वाडीची गरज दुसरीपेक्षा मोठी निघाली. कोणी म्हणालं चिठ्ठ्या टाका, तर चिठ्ठ्या लिहिणार कोण यावरून मारामारीची वेळ आली. शेवटी बाजारवाडीतल्या कोणीतरी वैतागून ओरडलं, "वाटे घाला आनी सोडवा!" आणि सभेत पहिल्यांदाच शांतता पसरली.

पाठमोरा म्हणून माझं नाव निघालं. कोण्या बाईने आजवर ते केलं नव्हतं. पण सरपंच कुठल्याच वाडीची नसते असं तेवढ्यापुरतं ठरलं. मी बाजारवाडीची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वीस खडे, पाच वाड्या, प्रत्येकी चार. पाठमोऱ्याला लबाडी करायला वाव होताच कुठे?

भिंतीकडे तोंड करून उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात मात्र ठकूबाय होती.

ठकूबाय झोरे आमच्या धनगरवाडीची. डोंगराच्या कुशीत, व्हाळाच्या पलीकडे, दहा-बारा घरं. आमचा गाव पाच वाड्यांचा, असं सगळे म्हणतात, गाऱ्हाण्यातही तसंच येतं. धनगरवाडी त्या पाचांत नाही. कागदावर ती टेंबवाडीच्या प्रभागात आणि राखणीत कुठेच नाही, त्यांचं पान कधी पडलेलं कोणी बघितलं नव्हतं. माझी पिठाची गिरण होती. आठवड्यापूर्वी ठकूबाय नाचणी दळायला आली आणि दळण झालं तरी हलेना.

"बाय, व्हाळार साकव व्हयो," ती म्हणाली. "सून दिसांत आसा. आषाढात दीस भरतत. आषाढात व्हाळ कोणाक सोडता?"

ते खरंच होतं. पाऊस धरला की व्हाळ चार महिने माणसाला ओलांडू देत नसे, आणि वर माणूस चालेल एवढाही पूल नव्हता. आदल्या वर्षी त्यांच्यातल्या एकाला ताप चढला होता. त्याला अलीकडे आणायला तीन दिवस पाणी उतरायची वाट बघितली, आणि मग आणायची गरज उरली नाही.

"ठकूबाय, पैसे वाडीवार येतात," मी म्हणाले. "तुमचे टेंबवाडीत येतात. टेंबवाडीकडे मागा."

"टेंबवाडी देतली?"

"नाही."

"मगे?"

गिरणीच्या पट्ट्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण ती तिथेच उभी राहिली, पिठाच्या पिशवीवर हात ठेवून. "सभेला या तरी," मी म्हणाले. दुसरं मला काही सुचलं नाही.

आणि ती आली होती. मंडपाच्या अगदी कडेला, चपला काढतात तिथे.

"ह्यो कोणाचो?" गुणाजीआबांनी पाचव्यांदा विचारलं.

"बाजारवाडीचा," मी म्हणाले आणि वळणार इतक्यात मागून आवाज आला.

"आनी ह्यो राखणदाराचो."

मी वळले. समोर पाच पानं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर तीन खडे. आणि आबांच्या पाठीमागे, खांबाच्या बुंध्याशी, राखणीच्या वेळी असतं अगदी तिथेच, सहावं पान. त्यावर पाच खडे.

मटणाची रीतच तशी होती. सहा पानं घ्यायची, पाच वाड्यांची आणि एक राखणदाराचं, सगळ्यांवर सारखं घालत जायचं आणि शेवटी जे उरेल ते राखणदाराच्या पानावर टाकायचं. वाटताना उरलेलं पुन्हा वाटत नाहीत. आबांच्या हातांनी सवयीने तेच केलं होतं. सहा पानांवर तीन तीन, उरलेले दोन राखणदाराला.

बाबल नाईक उठून उभे राहिले. "आबा, ह्यां काय केलास? पाच पानां घालूची होती!"

"पाचच घातलंय," आबा म्हणाले. "ह्यां राखणदाराचां."

"अरे, पण ग्रामसभेत राखणदार खय इलो?"

"वाटे घातले काय तो येता. तेका कोण नोटीस काढूक लागणा नाय."

लोक हसले, पण जपून. पाटोळे भाऊसाहेब माझ्या कानाशी आले. "मॅडम, देवाच्या नावावर एक रुपया पडत नाही. ऑडिटला मी काय सांगू? राखणदाराचा आधार क्रमांक काय लिहू?"

"परत घाला वाटे," टेंबवाडीतून कोणी म्हणालं.

"वाटे एकदाच घालतत," आबा शांतपणे म्हणाले. "पानात वाढलेला परत टोपात घालतास तुमी? घालीत असशात तर माका सांगा, तुमच्याकडे जेवक येवचंय नाय."

बाबल नाईकांनी मग स्वतःच सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. ते खांबाशी गेले आणि खडे उचलायला वाकले.

"उचल," आबा म्हणाले. "पण आजचा गाऱ्हाणा तू घाल. माका जमाचा नाय."

बाबल वाकलेलेच राहिले. राखणदाराच्या पानावरचं उचललेल्या एका माणसाचा हात वाळून गेला होता, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. तो माणूस कोण आणि ते कधी घडलं हे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं. बाबल पदवीधर होते, पतसंस्थेचे संचालक होते. ते सरळ झाले आणि हात पुसत म्हणाले, "माझा काय नाय. गाव काय म्हणता ता बघा."

अडीच लाख रुपये सागाच्या पानावर पडले होते आणि हात लावायची कोणाची टाप नव्हती.

"आबा," मी विचारलं, "मग हे खडे खर्च करायचे तरी कुठे?"

"राखणदार रव्हता थय."

राखणदार राहतो वेशीच्या दगडापाशी. तो दगड व्हाळाच्या पलीकडच्या काठावर, धनगरवाडीच्या वाटेला. दगडाखाली एक कोनाडा आहे. राखणदाराचा वाटा तिन्हीसांजेला त्यात ठेवतात, कोल्ह्याकुत्र्याने नेऊ नये म्हणून तोंडाला भलीथोरली चीप, म्हणजे सपाट दगड, लावतात, आणि आबा दोनदा खोकतात. ती राखणदाराला वर्दी. मग सगळे मागे न बघता परत येतात. सकाळी कोनाडा रिकामा आणि चीप पुन्हा जागेवर. आमचा राखणदार शिस्तीचा आहे.

"देऊळ बांधा थय," एक म्हातारा म्हणाला.

"देऊळ बसत नाही नियमात," पाटोळे म्हणाले.

"मगे चौथरो?"

"तोही नाही."

"माका येक इचारूचा आसा," मंडपाच्या कडेकडून आवाज आला. ठकूबाय उभी राहिली होती. ती सभेत बोलेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, बहुतेक तिच्याही नसावं, कारण पदराचं टोक तिने घट्ट मुठीत धरलं होतं.

"विचारा," मी म्हणाले.

"राखणदार रातीचो गावात फिराक येता मा?"

"येता," चार-पाच जण म्हणाले. यात वादाचं काही नव्हतं. त्याच्या काठीचा आवाज ऐकलेले निदान वीस लोक सभेत बसले होते.

"तो रव्हता व्हाळाच्या पल्याड. मगे पावसात व्हाळाक पाणी इला काय अल्याड कसो येता?"

इतक्या पिढ्यांत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

"तो देव आसा, ठकूबाय," बाबल हसले. "देवाक पाणी काय करतला?"

"देव आसा, तर जेवक कित्याक घालतास?" ती म्हणाली. "पोट आसा त्येका पाय पण आसतले."

आधी बायका हसल्या. मग हसता हसता त्यांच्यातली एक थांबली. "खरांच गो," ती म्हणाली. "माजी म्हस श्रावणातच गेली." दुसरीला आठवलं, तिच्या गोठ्याची भिंत पडली ती आषाढात. कोणाचा नवरा भाद्रपदात पाय मोडून घेऊन आला होता. गावात पावसाळ्यात जे जे वाईट झालं होतं त्याला एकाएकी कारण सापडलं. चार महिने राखणदार पलीकडे अडकलेला आणि गाव उघडा. बघता बघता माणसं इतकी हवालदिल झाली की साकव आजच्या आज घालायचा का काय असं वाटावं.

मी ठराव मांडला. सूचक आणि अनुमोदक म्हणून एकदम आठ हात वर आले. पाटोळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून लिहिलं, 'वेशीकडील व्हाळावर साकव बांधणे.' त्यात देवाचा उल्लेख नव्हता, माणसांचाही नव्हता.

"पण साकव राखणदाराचो हां," बाबलांनी बजावलं. "धनगरांचो नाय."

"व्हय तर," ठकूबाय म्हणाली. "आमी काय, तेच्या मागसून येव."

मग आबांनी पाच वाड्यांच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, जेचा तेका पावला. आता ह्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

मेअखेरीला साकव झाला. लोखंडी, अरुंद, चालताना थोडा हलणारा. आषाढात ऐन पावसात ठकूबायच्या सुनेला, सगुणाला, त्यावरून डोलीत घालून आणलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. मी बघायला गेले. ठकूबायने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडू आलं, ते मी तालुक्याच्या गर्दीवर आणि घामावर ढकललं.

गुणाजीआबा गणपती झाल्यावर गेले. सहावं पान सवयीने पडलं की मुद्दाम, हे त्यांना विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

पुढच्या वैशाखात राखणीचे वाटे त्यांचा पुतण्या वासू याने घातले. वासू टेम्पो चालवतो, पण काकाचं सगळं बघून शिकला होता. पाठमोरा मीच. सात पानं घाल म्हणून मी वासूला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि सहाव्यांदा "ह्यो कोणाचो?" आल्यावर मी भिंतीला म्हणाले, "धनगरवाडीचा." मागे थोडी कुजबुज झाली. पण ठकूबाय नातवाला काखोटीला मारून समोरच उभी होती आणि राखणदाराच्या साकवावरून आली होती. तिला परत पाठवायचं तरी कसं? सातवं पान राखणदाराचं. वासूने काकासारखंच त्यावर मऊ काळीज वेचून घातलं, हाडाचा एकही तुकडा नाही. "राखणदाराक दात नाय," असं आबा दर वर्षी म्हणायचे, तेही तो म्हणाला. वेशीवर जाऊन दोनदा खोकला.

सकाळी कोनाड्यात वाटा तसाच होता.

गावाची पाचावर धारण बसली. असं कधी झालं नव्हतं. वाटा सडला होता, मुंग्या लागल्या होत्या. राखणदार रुसला, कोणी म्हणालं. बाईमाणूस पाठमोरं उभं राहिलं म्हणून, दुसरं कोणी म्हणालं. धनगरवाडीला पान घातलं म्हणून, हे बाबल नाईक म्हणाले आणि ते जास्त लोकांना पटलं. दुपारी ठरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बकरा द्यायचा, माझ्या हट्टावरून पानं एकवार सातच घालायची, पण तेव्हाही वाटा तसाच राहिला तर पुढे कायम जुन्या रीतीने, राखणदाराचं धरून सहाच.

संध्याकाळी मी साकवावरून धनगरवाडीत गेले. ठकूबाय अंगणात नातवाला घेऊन बसली होती. वाईट बातमी तिला आपण स्वतः सांगावी, एवढाच माझा विचार होता. मी सगळं सांगितलं. राखणदाराने वाटा घेतला नाही हे ऐकल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेडंवाकडं बोलले होते.

"घेतलो कसो असतो?" ती म्हणाली. "आमका आमचो वाटो गावलो मा."

मला कळायला वेळ लागला.

"म्हणजे इतकी वर्षं..."

"सासऱ्याच्या येळेपासून. आबा ठेवन जाताना खोकायचो दोनदा. मगे आमी जायत. चीप परत लावची, ही आबाचीच ताकीद."

"आबांना माहीत होतं?"

"बाय, काळीज कोणासाठी घाली तो? माजी सासू. म्हातारेक दात खय होते?"

मी अंगणातल्या जात्यावर बसले. म्हातारी गेल्या थंडीत वारली होती. मी तिच्या बाराव्यालाही आले होते.

"मग या वर्षी का नाही उचललंत?" मी विचारलं. "नेहमीसारखं न्यायचं. गावाला कळलंही नसतं."

ठकूबायला माझा प्रश्न आवडला नाही. "एका वाडीन दोन वाटे खावचे? असो न्याय खय आसा, बाय? व्हता नाय तवा खाल्लो. आता आमचा पान पडला, मगे दुसऱ्याचो कसो खावचो?"

वर्षभर मी तालुक्याला निधीवाटपाच्या प्रशिक्षणांना बसले होते, तिथेही कोणी असं मिळालं तेवढं पुरे म्हणालं नव्हतं. पण उद्या कोनाडा रिकामा झाला नाही, तर तिच्या वाडीचं पान कायमचं जाणार होतं.

"तो वाटा वाडीचा नाहीच, ठकूबाय," मी शेवटी म्हणाले. "आबा दर वर्षी मोठ्याने सांगायचे ना, तो कोणाचा ते. ज्याला दात नाहीत त्याचा."

नातू रांगत माझ्यापर्यंत आला होता. त्याने माझा हात तोंडात धरला आणि बांगडीच्या कडेने हिरड्या घासायला लागला. ठकूबाय त्याच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने त्याला उचललं, अंगठ्याने त्याचा खालचा ओठ दाबून आत बघितलं आणि जरा हसली.

"वासूक सांगा, खोक मोठ्यान काड म्हणान. गेल्या खेपेक आयकाक येवक नाय." मग ती पोराला मांडीवर घेऊन म्हणाली, "दात येयसर ह्यो खायत. मगे मातर नाय हां, बाय. मगे तुमी सरपंच. गावात आनी कोण बिनदाताचो आसा, तो तुमी बघूचो."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.